मायाबाईंची टेप

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचं खरं नाव तिच्या निम्म्या गिऱ्हाइकांना ठाऊक नाही. सगळे तिला मायाबाई म्हणतात, आणि नवीन माणसाला वाटतं तेच तिचं नाव. तसं नाही. कपडा शिवताना शिलाईच्या आत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढेमागे कपडा सैल करायची वेळ आली तर उसवता यावं म्हणून. त्या कापडाला शिंपी लोक माया म्हणतात. ही बाई कपडा हातात देताना हटकून सांगणार, "आत दोन बोटं माया सोडलीय हो, काळजी नको." काडीसारख्या एका व्यायामशिक्षिकेलाही तिने हेच सांगितलं. शिक्षिकेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मायाबाई शांतपणे म्हणाली, "रागावू नका. आज ना उद्या सगळेच रुंदावतात." तीन वर्षांनी, मूल झाल्यावर, तोच झगा घेऊन शिक्षिका परत आली. मायाबाईने उसवला, टीप मारली, दिला. एक शब्द बोलली नाही. हे मात्र मला मान्य केलं पाहिजे, कारण मी असते तर बोलले असते.

दुकान म्हणजे तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली. दाराशी मशीन, मध्ये कापायचं लांब टेबल, मागे इस्त्रीची फळी आणि तिच्या शेजारी चहाची शेगडी. भाऊ पोस्टातून निवृत्त झाल्यापासून काज-बटणं, इस्त्री आणि चहा ही तीन खाती त्याच्याकडे. त्यातलं चहाचं खातं तो सगळ्यात मन लावून सांभाळतो. वरच्या मजल्यावर मी राहते. सकाळी वर्तमानपत्र वाचून झालं की खाली येऊन बसते आणि कोणी न विचारता मत देते.

गेल्या वर्षी मायाबाईचा उजवा गुडघा कामातून गेला. मशीनला मोटर केव्हाच लावली होती, तेव्हा प्रश्न पाय मारण्याचा नव्हता. प्रश्न उभं राहण्याचा होता. कापड बेततात ते उभ्याने, टेबलावर ओणवं होऊन, दिवसाचे चार-पाच तास. ती अर्ध्या तासात टेबलाला धरून उभी राहायला लागली. मग टेबलाच्या एका कोपऱ्यावर बसून कापायला लागली, आणि वाकड्या बसण्याने एक कोट वाकडा कापला गेला. तीस वर्षांतला पहिला. त्या दिवशी ती माझ्याबरोबर दवाखान्यात यायला तयार झाली.

डॉक्टर तरुण होते, पण मोजकं बोलणारे. गुडघा बदलावा लागेल म्हणाले. नर्सने तिला काट्यावर चढवलं, कंबरेभोवती टेप धरली आणि कागदावर लिहिलं. वजन ब्याऐंशी. कंबर बेचाळीस इंच. डॉक्टर म्हणाले, "सात किलो कमी करा, मग तारीख देतो. पाच महिन्यांनी या. नाही झालं तर नाव यादीत खाली जाईल, मग वर्षभर तरी नंबर लागायचा नाही."

बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "वन्सं, वर्षभर हा पाय टिकत नाही. दुकान बंद करावं लागेल."

मी म्हटलं, "मग खाणं कमी कर."

"खाते कुठे मी?" असं ती म्हणाली. प्रत्येक जाड माणूस हेच म्हणतो, मीही म्हणते.

ग्रीन टी तिच्याकडे आणला बँकेतल्या कारकून बाईने. स्वतःचा स्कर्ट घट्ट करायला आली होती. चार किलो गेले म्हणाली, आणि पर्समधून पिशव्यांचा एक खोकाच काढून टेबलावर ठेवला. दूध नाही, साखर नाही, दिवसातून पाच-सहा वेळा. चरबी वितळते म्हणे.

"तुपासारखी?" मी विचारलं.

"काकू, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत शंका," कारकून बाई म्हणाली.

पहिला कप मायाबाईने डोळे मिटून प्यायला. भावाने वास घेऊन पाहिला आणि म्हणाला, "पावसात भिजलेला झाडू उकळलाय." पण ती हट्टाला पेटली होती. दिवसाला सहा कप, तेही तिच्या त्या पाव लिटरच्या मोठ्या कपातून. तोंड फार कडू होतं म्हणून प्रत्येक कपाबरोबर दोन बिस्किटं. मी समोरच बसलेली असायचे. ती बिस्किटं मला दिसत होती. पण डबा पुढे आला की त्यातलं एक मीही उचलत होते, त्यामुळे माझं तोंड बंद.

तीन आठवडे झाले. एक दिवस गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा तिने गळ्यातली टेप काढली आणि स्वतःच्या कंबरेभोवती गुंडाळली. हे तिने आजवर कधी केलं नव्हतं. अर्ध्या शहराची मापं तिच्या वहीत आहेत, कोणाचा खांदा उतरता आणि कोणाचा एक हात लांब, सगळं. स्वतःचं माप वहीत नाही. स्वतःचे कपडे ती नजरेने बेतते आणि अंगावर घालून टाचण्या लावते.

"साडेचाळीस!" ती ओरडली. "वन्सं, साडेचाळीस! दवाखान्यात बेचाळीस होती. दीड इंच गेला!"

भावाने इस्त्री उभी केली. मी चष्मा लावून बघितलं. टेपवर खरंच साडेचाळीस.

"वजन कर," मी म्हटलं.

"काट्याचं मला सांगू नका. पाणी प्यायलं तरी काटा वाढतो. टेप खोटं बोलत नाही."

"मग हा तुझा कामाचा झगा सैल का नाही झाला?"

"धुऊन धुऊन आटलाय तो."

आता शिंपिणीने आटलंय म्हटल्यावर मी काय बोलणार? पण माझ्या मनातून ते जाईना. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, तीन आठवड्यांत काही न सोडता दीड इंच जातो हे माझ्या घशाखाली उतरेना. माझी एक जुनी विद्यार्थिनी औषधशास्त्र शिकवते. तिला फोन लावला. ती म्हणाली, "बाई, यावर मोठ्या माणसांवर पुष्कळ प्रयोग झालेत. सगळे एकत्र करून पाहिले तर ग्रीन टीने वजन उतरतं ते इतकं थोडं, की त्याचा तब्येतीला फरक पडत नाही. प्यायला हरकत नाही. पण त्याच्या अर्काच्या गोळ्या मिळतात, त्या नकोत. क्वचित कोणाकोणाचं यकृत त्याने बिघडलंय."

मी खाली जाऊन हे शब्दाला शब्द सांगितलं. मायाबाईने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"तुमच्या विद्यार्थिनीने माझी कंबर मोजलीय का?"

"नाही."

"मी मोजलीय."

संपलं. गोळ्यांचं मात्र तिने ऐकलं. व्यायामशिक्षिकेने आणून दिलेली तसल्या गोळ्यांची बाटली परत केली. चहा चालूच राहिला, आणि नुसता तिच्यापुरता नाही. माप द्यायला येईल त्या बाईला ती ग्रीन टीची कथा सांगायची, कप हातात द्यायची आणि टेप लावायची. तयार कपड्यांच्या दुकानात छत्तीसची कंबर सांगणाऱ्या बायका इथे पस्तिसाच्या आत भरायच्या. बायका खुश. तसं पाहिलं तर त्या पूर्वीपासून खुश होत्या. मायाबाईकडे माप कमी भरतं, ही तिच्या दुकानाची जुनी ख्याती. आम्हाला वाटायचं, बाईचा हात हलका आहे.

महिनाभराने पुन्हा मोजलं तर साडेचाळीसच. ती म्हणाली, "ठरतंय शरीर. पुन्हा उतरेल." आणि थंडी यायच्या आत आपला चांगला कोट बाहेर काढला. राखाडी लोकरीचा, अंगाबरोबर बसणारा, दहा वर्षांपूर्वी स्वतःच शिवलेला. दोन्ही बाजूंच्या शिलाया उसवून दीड इंच आत घेतला. नुसता आत घेऊन थांबली असती तरी चाललं असतं. तिने कात्री घेतली आणि आतली सगळी माया कापून टाकली.

"अगं, हे काय करतेस?" मी म्हटलं. "लोकांना दोन बोटं सोडतेस ना?"

"मला आता लागायची नाही. उगाच आत जाड कापड कशाला? फुगीर दिसतं."

"घालून तरी बघ आधी."

"थंडीत घालीन. स्वतःचं काय ट्राय करायचं?"

भावाने जमिनीवरच्या पट्ट्या गोळा करून इस्त्री पुसायला ठेवून दिल्या.

पुढचं सगळं माझ्या पडद्यांमुळे झालं. माझ्या खोलीतल्या मोठ्या खिडकीला सुताराने नवा दांडा बसवला. पडदे जमिनीपर्यंत हवे होते. दांड्यापासून जमिनीपर्यंत त्याने मोजलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं, नव्वद इंच. चिठ्ठी मी मायाबाईला दिली. तिने दोन दिवसांत पडदे शिवले, भावाने वर येऊन लावले. तीन इंच जमिनीवर लोळत होते.

"सुताराचं माप चुकलं," मायाबाईने खालूनच निकाल दिला.

सुतार माझ्याच वयाचा. चाळीस वर्षांत त्याला कोणी चुकलास म्हणालं नसावं. निरोप पोचल्यावर अर्ध्या तासात दारात हजर, कानावर पेन्सिल, हातात पोलादी टेप.

"कोण म्हणतं माप चुकलं?"

"मी म्हणते," मायाबाई म्हणाली. "माझी टेप पंचवीस वर्षं माझ्या गळ्यात आहे."

"माझी पोलादाची आहे, बाई. ती ताणत नाही आणि उन्हात वाढत नाही."

उन्हात पोलादही वाढतं, केसाएवढं. पण विज्ञान शिकवायची ती वेळ नव्हती.

"आणा इकडे," म्हणत मायाबाईने टेबलावरचं कापड बाजूला सारलं. सुताराने आपली टेप सरकन सोडली. तिने गळ्यातली काढून तिच्या शेजारी ठेवली, शून्याला शून्य लावून, आणि हाताने सरळ केली. दहापर्यंत काही कळेना. वीसवर आकडे थोडे सरकले. चाळीसवर बोटभर फरक पडला. तिच्या टेपचं टोक, साठाचं, सुताराच्या बासष्टावर जाऊन थांबलं.

भावाच्या शेगडीवर पाणी उकळत होतं.

मग सुतारच जरा नरमून म्हणाला, "कापडी आहे. पंचवीस वर्षं ओढली की ताणणारच. पण मला एक सांगा, मग तुमचे कपडे लोकांना बरोबर कसे बसतात?"

"माप या टेपने, कापणंही हिनेच," ती हळूच म्हणाली. "ही चुकली तर दोन्हीकडे सारखीच चुकते. कपडा नीटच होतो. फक्त आकडा कमी." ती पडद्याच्या चिठ्ठीकडे बघत होती. "दुसऱ्याच्या टेपचा आकडा माझ्याकडे आजवर आलाच नव्हता."

"आला होता," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यातला बेचाळीस नर्सच्या टेपचा होता. साडेचाळीस हिच्या. कंबर एकच.

ती लंगडत मागच्या कपाटाकडे गेली आणि कोट घालून आली. बटण आणि काज यांच्यामध्ये चांगलं दोन बोटं अंतर होतं. श्वास आत ओढून पाहिला, तरी एक बोट राहिलं.

"उसव ना," भाऊ म्हणाला. "त्यात काय? दहा मिनिटांचं काम."

"काय उसवू?" ती म्हणाली. "आत मायाच नाही."

सुतार पेन्सिल कानावर नीट करत निघून गेला. जाताना दारात म्हणाला, "पडदे वर दुमडून घ्या, जास्तीचं कापड कधी वाया जात नाही." बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल, पण वेळ चुकली.

त्याच दुपारी आम्ही कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन तिचं वजन केलं आणि दुकानदाराकडून तारीख घातलेली चिठ्ठी घेतली. साडेएक्याऐंशी. अडीच महिने, दिवसाला सहा कप, आणि खाली आला अर्धा किलो. तो अर्धा किलोही त्या दिवशी चपला हलक्या घातल्या म्हणून असेल. उरले होते दहा आठवडे.

मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला म्हणेल, बोला आता, तुम्ही म्हणतच होतात. मी तशी तयारीही केली होती. तिने दोन्ही केलं नाही. दुकानात येऊन खुर्चीवर बसली, पाय स्टुलावर ठेवला आणि नवऱ्याला विचारलं, "बिस्किटांचा डबा पूर्वी किती दिवस पुरायचा?"

"दहा दिवस."

"आणि आता?"

तो इस्त्रीकडे बघत म्हणाला, "चौथ्या दिवशी आणतो."

मी कागदावर हिशेब मांडला. दिवसाला बारा बिस्किटं, म्हणजे जवळजवळ एका जेवणाइतकं खाणं. शिवाय नवऱ्याच्या हातचे साखरेचे चार चहा चालूच होते, ते बंद करावेत असं ग्रीन टी आणणारीने सांगितलं नव्हतं. मायाबाई म्हणाली, "म्हणजे मी औषधाबरोबर जेवतच होते." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही समोर बसून बघत होतात."

"बघत कुठे, खात होते," मी म्हटलं. तेव्हा ती हसली.

तिने जे केलं ते शिंपिणीसारखं केलं. उगाच उपास नाही, प्रतिज्ञा नाही. सगळीकडून थोडं थोडं आत घेतलं. बिस्किटं गेली. साखरेचे चहा चाराचे दोन झाले, मग एक, तोही भावाला वाईट वाटू नये म्हणून. जेवणाचं ताट बदललं, लहान घेतलं. चालणं तिला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून दवाखान्यातल्या नर्सने शिकवल्याप्रमाणे खुर्चीत बसून पाय उचलायची, काज करता करता. भाऊ तिच्याबरोबर मोजायचा, आणि मोजताना हमखास चुकायचा. "अठरा, एकोणीस, वीस, बावीस." "एकवीस कुठे गेला?" "त्याची मी सूट दिली." "सूट नको. सुटीनेच घात झालाय."

नवी टेप आणली, न ताणणारी. गिऱ्हाइकांची पंचाईत झाली. कारकून बाई माप द्यायला आली आणि कंबर एकदम इंचाने वाढलेली पाहून तिचा चेहरा पडला. "अहो मायाबाई, असं कसं? मी अजून पितेय ना ग्रीन टी!"

"टेप नवीन आहे," मायाबाई म्हणाली. "तुम्ही जुन्याच आहात."

वहीत तिने एक आडवी रेघ ओढली. रेघेच्या वरची मापं जुन्या टेपची, खालची नव्या. वरच्यांचे कपडे आजही जुन्या टेपनेच बेतले जातात.

आणि कोट तिने कपाटात ठेवला नाही. कापायच्या टेबलाशेजारी खुंटीला टांगला. रविवारी दुकान बंद असतं तेव्हा घालून बघायची. नवं माप नाही, काटा नाही, फक्त बटण आणि काज. तो कोट मोठा करता येणार नव्हता, हे तिच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. पहिले तीन रविवार काहीच नाही. चौथ्याला दीड बोट. पाचव्याला पुन्हा दोन, कारण भाच्याच्या घरी जेवायला गेलो होतो. ती चिडली, जेवणावर नाही, भाच्यावर. मग हळूहळू एक. नवव्या रविवारी बटण लागलं, पण बसल्यावर सुटलं. दहाव्या रविवारी लागलं आणि बसल्यावरही राहिलं. तिने नवी टेप कंबरेला लावली. चाळीस आणि वर थोडं. जवळजवळ दोन महिने ती ज्या आकड्यावर खुश होती, तिथे आता खरंच येऊन पोचली होती.

त्याच आठवड्यात दवाखाना. मी बरोबर होतेच. तिने कोट घातला होता. थंडी होती, पण मला विचाराल तर थंडी नसती तरी घातला असता.

नर्स म्हणाली, "कोट काढा, मग काट्यावर चढा."

"काढते," ती म्हणाली, आणि बटणं एकेक करून सावकाश काढली, सगळ्यांना दिसतील अशी.

साडेशहात्तर. हवं होतं पंचाहत्तर.

तिने माझा हात धरला. वर्षभराची यादी, टेबलाला धरून उभं राहणं, बंद दार, सगळं त्या दीड किलोत होतं. डॉक्टरांनी कागद पाहिला, जुना आकडा पाहिला, पुन्हा नवा पाहिला. मग खुर्ची मागे सरकवली.

"साडेपाच किलो. पहिले अडीच महिने काहीच नाही आणि नंतर इतके, असं तुमच्या औषधवाल्याच्या चिठ्ठीवरून दिसतंय. मध्ये काय केलंत नेमकं? ते ग्रीन टी वगैरे घेता का?"

"घेते. दुपारी एक कप. आता आवडायला लागलाय."

"त्याने झालं?"

"नाही," मायाबाई म्हणाली. "टेप बदलली."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. मग त्यांनी टेबलावरची डायरी ओढली, पानं उलटली आणि सहा आठवड्यांनंतरच्या एका मंगळवारावर तिचं नाव लिहिलं, तिचं खरं नाव.

"तोवर तो दीड किलो उतरवून या," ते म्हणाले.

"उतरेल," ती म्हणाली, आणि कोटाची बटणं लावायला लागली.